दहा नंबरला मुदतवाढ

भाट्ये गावच्या यमुनाबाई नागवेकरांचा त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर अपमान झाला, तो दिवाळीच्या आधीच्या बुधवारी सकाळी साडेनऊला. अपमान करणारा त्यांचाच कॉम्प्युटर होता. नेहमीप्रमाणे त्यांनी बटण दाबलं, पडदा उजळला, आणि रोजच्या चित्राऐवजी तिथे एक मजकूर आला. तुमच्या सिस्टिमचा सपोर्ट संपला आहे, आणि तुमचा कॉम्प्युटर नव्या सिस्टिमसाठी पात्र नाही, असा त्याचा मतलब होता. खाली दोन बटणं होती. एक 'अधिक माहिती'चं आणि दुसरं 'नंतर आठवण करा' असं.

यमुनाबाईंनी चष्मा पुसून तिसरं बटण शोधलं. 'मला हे मान्य नाही' असं बटण कुठेच नव्हतं.

त्यांना सगळ्यात जास्त लागला तो 'पात्र नाही' हा शब्द. चौतीस वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात दुबईच्या बोटीवरच्या नवऱ्याला आणि गोळपच्या बायकोला त्यांनी एकमेकांशी जोडून दिलं होतं, आणि त्या सगळ्या काळात त्यांना कुणी अपात्र म्हटलं नव्हतं. निवृत्त झाल्या तेव्हा मुलीनं, श्रद्धानं, हा कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याच्या आत जी सिस्टिम होती तिला सगळे 'दहा नंबर' म्हणत. आता अकरा नंबर आला होता आणि दहा नंबरवाल्यांनी उठून जागा द्यावी, असं कंपनीचं म्हणणं होतं.

कॉम्प्युटर नुसता पत्ते खेळायला असता तर बाई एक वेळ उठल्याही असत्या. पण त्याच्यात यादी होती. एक्स्चेंजमध्ये असताना एका मैत्रिणीच्या बाळंतपणात रक्त मिळेना, तेव्हा यमुनाबाईंनी ड्युटीवरून फोन फिरवून तासाभरात दोन माणसं उभी केली होती. तेव्हापासून त्यांना नावं लिहून ठेवायची सवय लागली. वहीतली नावं कॉम्प्युटरमध्ये गेली आणि वाढत वाढत एकोणीसशे चाळीस झाली. पूर्णगडपासून जयगडपर्यंत कुणाचा रक्तगट काय, शेवटचं रक्त कधी दिलं, फोन कुठला, सगळं त्यात होतं. दवाखान्यातून निरोप आला की बाई पडद्यासमोर बसायच्या आणि वीस मिनिटांत माणूस रवाना व्हायचा. ओळख झाली की नावाच्या पाठोपाठ रक्तगट विचारायचा, ही त्यांची पद्धत पंचक्रोशीला पाठ होती.

त्याच दिवशी त्या खाडीचा पूल ओलांडून मारुती मंदिरापाशी हर्षदच्या दुकानात गेल्या. हर्षद कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्तही करायचा, पण अलीकडे दुरुस्तीपेक्षा विकण्याकडे त्याचा ओढा जास्त होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं.

"ह्याला काय झालंय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"काही नाही झालेलं, काकू. चांगला आहे."

"मग बदलायचा कशाला?"

"सपोर्ट संपला ना."

"अरे, पण मोडलाय का तो?"

हर्षदनं पुन्हा 'चांगला आहे' म्हटलं आणि पुन्हा नवीन मशीनकडे बोट दाखवलं. बाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी त्यानं एवढं कबूल केलं, की कंपनी म्हणे एक वर्षाची मुदतवाढ देते, पण ती कशी घ्यायची ते त्यानं स्वतः करून पाहिलेलं नाही. यादी नवीन मशीनवर हलवता येईल का, म्हणून त्यांनी आणलेली पेनड्राइव्ह त्यानं लावून पाहिली. बाईंनी यादी फार जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती, आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता. पडद्यावर केरू पाटलांच्या जागी दोन कंस, एक टोपीवाला ए आणि टक्क्याचं चिन्ह आलं. हे सगळं नीट करून देतो, पण दिवाळी झाल्यावर, असं हर्षद म्हणाला. संध्याकाळी तो भाट्याला घरी आला, तोवर व्हायरस शिरायला नको म्हणून इंटरनेटची वायर काढली, गुंडाळी करून फळीवर ठेवली आणि निघून गेला.

आता यादी वाचवायची तर कागदावर उतरवायला हवी होती. प्रिंटर दोन पावसाळ्यांपूर्वीच बुरशी येऊन गेला होता. बाईंनी शेजारच्या गंगाला बोलावलं. गंगाचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते वापरायची संधी तिला लग्नानंतर मिळाली नव्हती. यमुनाबाईंनी पडद्यावरून वाचायचं आणि गंगानं फुलस्केप वहीत लिहायचं, असं त्या रात्री आणि गुरुवारी दिवसभर चाललं. चारशे नावं झाली. प्रत्येक नावाला गंगानं लाल शाईनं रेघ मारली होती आणि पानाच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढली होती.

शुक्रवारी पहाटे वीज नव्हती, आणि नेमका तेव्हाच ओ निगेटिव्ह हवं असल्याचा फोन आला. बाईंनी अभिमानानं वही उघडली, टॉर्चच्या उजेडात नाव काढलं आणि पूर्णगडच्या केरू पाटलांना फोन लावला. केरू होडी बाहेर काढायच्या तयारीत होता. ती ठेवून तो पहिल्या गाडीनं रत्नागिरीला आला. रक्तपेढीत त्याचं रक्त तपासलं तेव्हा तो ओ पॉझिटिव्ह निघाला. तो जन्मापासूनच ओ पॉझिटिव्ह होता. गंगाच्या मोत्यासारख्या अक्षरात अधिकचं चिन्ह काढताना उभी रेघ राहून गेली होती.

तोवर वीज आली होती. बाईंनी कॉम्प्युटर लावून खरा ओ निगेटिव्ह माणूस वीस मिनिटांत शोधला आणि पेशंटचं भागलं. पण केरूचं भागलं नव्हतं. त्यानं रक्तपेढीच्या दारातून फोन लावला.

"ताई, माझा रगत रातोरात बदलला काय गो?"

यमुनाबाईंनी त्याची माफी मागितली. आयुष्यात कधी चुकीचा नंबर न जोडलेल्या बाईला एका कोळ्याची माफी मागावी लागली, आणि तीही एका कंपनीपायी. फोन ठेवल्यावर त्यांनी वही तपासली. चारशेतल्या आणखी सहा जणांची उभी रेघ गायब होती. गंगाला हे सांगताच ती रडकुंडीला आली आणि वेलबुट्टीची पानं तेवढी फाडू नका म्हणाली. यमुनाबाईंनी वही कपाटात ठेवली. आता ज्यानं हे केलं त्यालाच जाब विचारायचा, असं त्यांनी ठरवलं.

पण जाब विचारायला माणूस मिळेना. त्यांनी बहिणीच्या मुलाला, सर्वेशला, फोन करून कंपनीचा नंबर मागितला. सर्वेश टपाल खात्यात होता आणि त्या वेळी काउंटरवर रांग होती. अशा कंपन्यांत माणसं फोनवर नसतात मावशी, असं सांगून त्यानं फोन ठेवला. यमुनाबाईंचा यावर विश्वास बसला नाही. त्यांनी मोबाइलवर स्वतः शोधाशोध केली. खूप खाली, लाल अक्षरांतलं एक पान सापडलं. तुमच्या कॉम्प्युटरचा सपोर्ट संपला आहे का, आमचे तज्ज्ञ स्वतः तुम्हाला फोन करतील, नंबर लिहा, असं तिथे होतं. बाईंनी नंबर लिहिला. खाली तक्रारीसाठी जागा होती, तिथे त्यांनी 'समक्ष बोलेन' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता फोन आला. बोलणाऱ्यानं आपलं नाव मायकेल सांगितलं आणि तुमचा कॉम्प्युटर भयंकर धोक्यात आहे असं हिंदीत सांगायला सुरुवात केली. त्याच्या मागून आणखी वीस-पंचवीस आवाज तेच वाक्य म्हणत होते. यमुनाबाईंना आपला जुना ट्रंक हॉल आठवला. आज रश दिसते, असं त्यांनी मनात म्हटलं. चौतीस वर्षं देशभरचे आवाज ऐकलेल्या त्यांच्या कानाला दोन वाक्यांत आणखी एक गोष्ट कळली.

"तू मराठी आहेस," त्या म्हणाल्या. "मराठीत बोल. नाव काय तुझं?"

"मायकेल."

"आईनं ठेवलेलं सांग."

"दर्शन," तो म्हणाला. आवाजावरून चाळिशीकडे झुकलेला वाटत होता.

"हां. तर दर्शन, आधी माझी तक्रार लिहून घे."

दर्शननं आधी कॉम्प्युटरमध्ये एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. बाईंनी आधी तक्रार म्हटलं. तो पुन्हा अ‍ॅप म्हणाला, त्या पुन्हा तक्रार म्हणाल्या. शेवटी त्यानं कागद घेतला. यमुनाबाईंनी चांगला खणखणीत मजकूर सांगितला. चालता कॉम्प्युटर अपात्र ठरवणं हा ग्राहकाचा अपमान आहे. नवीन सिस्टिम काढायला कुणी सांगितलं होतं, त्याचा खुलासा व्हावा. पूर्णगडच्या एका माणसाची होडी एक दिवस बंद राहिली, त्याची जबाबदारी कुणाची. मजकूर संपल्यावर त्यांनी तो वाचून दाखवायला लावला. दर्शननं वाचला. 'खुलासा' राहिला होता, तो त्यांनी घालायला लावला आणि तक्रार क्रमांक मागितला. थोडा विचार करून त्यानं चारशे बारा असा दिला. बाईंनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला.

यानंतर त्या अ‍ॅप घ्यायला तयार झाल्या, पण अ‍ॅप येईना, कारण इंटरनेटच नव्हतं. हर्षदनं वायर काढून ठेवल्याचं कळताच दर्शननं ती शोधायला सांगितली. ती फळीवर सापडली. लावायची कुठे, यात पंधरा मिनिटं गेली, कारण मागे भोकं सहा होती आणि बाईंना प्रत्येकाचं वर्णन करून सांगायचं होतं. हिरवा दिवा लागला, तरी पानं उघडेनात. दर्शननं तारीख विचारली. कॉम्प्युटरच्या आतला सेल मेला होता, त्यामुळे त्याच्या मते अजून दहा वर्षांपूर्वीचा जानेवारी चालू होता.

"तारीख दुरुस्त करायला लागेल मॅडम," दर्शन म्हणाला.

"बघ, आत्तापर्यंत कुणी हे पाहिलं नाही," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात त्याच्याबद्दल आदर निर्माण झाला होता.

तारीख दुरुस्त झाली. इंटरनेट आलं. आता अ‍ॅप, असं दर्शन म्हणेपर्यंत कॉम्प्युटरनं अडवून ठेवलेली जुनी कामं एकदम काढली आणि स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं. पडद्यावर टक्के वाढत होते. ते संपेपर्यंत पस्तीस मिनिटं लागली. फोन ठेवतो, मग करतो, असं दर्शन दोनदा म्हणाला. बाईंनी ठेवू दिला नाही. एकदा लागलेली लाइन सोडायची नसते, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं शिक्षण होतं. त्या वेळात त्यांनी त्याला लाइटनिंग कॉल म्हणजे काय ते समजावलं. तो कॉल आला की बाकी सगळे बाजूला करून तो आधी जोडायचा, आणि त्याचे दर ऐकूनच माणसं दोन वाक्यांत बोलणं उरकायची.

मध्येच दर्शननं सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, बँकेचं काम ह्याच कॉम्प्युटरवर करता ना?"

"छे. पासबुक भरायला मी स्वतः जाते. तेवढंच चालणं होतं."

दर्शनचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला. बाईंनी त्याला पाणी पिऊन यायला सांगितलं.

कॉम्प्युटर परत चालू झाला तेव्हा कोपऱ्यात एक नवीन ओळ होती. सपोर्टला मुदतवाढ हवी असेल तर इथे नोंदणी करा, असं तिच्यात लिहिलं होतं. यमुनाबाईंनी ती मोठ्यानं वाचली. दर्शन घाईघाईनं म्हणाला, ते सोडा, त्याची काही गरज नाही.

"गरज नाही कशी? हर्षद म्हणाला होता मुदतवाढ मिळते. हीच ती."

"मॅडम, आधी अ‍ॅप."

"आधी मुदतवाढ."

तक्रारीच्या वेळचा अनुभव ताजा होता, त्यामुळे दर्शननं वाद घातला नाही. हे उरकलं की बाई मोकळ्या होतील, असा त्यानं हिशेब केला असावा. त्यानं एकेक बटण सांगितलं. पासवर्ड विचारला गेला, तो बाईंच्या डायरीत 'घावनाचं पीठ' या पानावर सापडला. मग एक कोड श्रद्धाच्या मोबाइलवर गेला. श्रद्धा नाशिकला शाळेत शिकवत होती. गंगाच्या फोनवरून तिला वर्गातून बाहेर बोलावलं, तिनं सहा आकडे सांगितले. दर्शन म्हणाला, तो कोड मलाही सांगा.

"तुला कशाला? कॉम्प्युटर माझ्यासमोर आहे," यमुनाबाई म्हणाल्या आणि आकडे टाकले.

पडद्यावर हिरवी खूण उमटली. नोंदणी झाली होती. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सपोर्ट मिळणार होता, आणि तो फुकट होता. बाईंनी गंगाला हाक मारून दाखवलं. मग त्यांनी दर्शनचे आभार मानले, त्याच्या साहेबांना पत्र लिहून त्याचं कौतुक कळवण्याचं आश्वासन दिलं आणि त्याचा रक्तगट विचारला.

"बी निगेटिव्ह," दर्शन नकळत बोलून गेला.

"दुर्मीळ आहे. वर्षातून दोनदा देत जा," असं सांगून यमुनाबाईंनी फोन ठेवला. काम झालं की लाइन मोकळी करायची, हेही त्यांचं शिक्षण होतं. दोन तास चाळीस मिनिटं झाली होती.

मिनिटभरानं फोन पुन्हा वाजला.

"मॅडम, ते अ‍ॅप राहिलं."

"सपोर्ट मिळाला ना?"

"हो, पण..."

"मग अ‍ॅप कशाला?"

"मॅडम, मी पावणेतीन तास..."

"म्हणूनच सांगते, आता जेवून घे."

संध्याकाळी सर्वेश आला. यमुनाबाईंनी त्याला हिरवी खूण दाखवली आणि कंपनीत माणसं नसतात म्हणणाऱ्यांना चार शब्द ऐकवले. सर्वेशनं फोन नंबर पाहिला, त्या लाल पानाबद्दल विचारलं, अ‍ॅपचं नाव विचारलं, आणि खुर्चीत बसला. तो माणूस कंपनीचा नव्हता, असं त्यानं सांगितलं. असे लोक अ‍ॅप घ्यायला लावून कॉम्प्युटरचा ताबा घेतात आणि सगळं लुटून नेतात. सर्वेशच्या टपाल खात्यातल्याच एका निवृत्त साहेबांना असंच लुटलं होतं.

यमुनाबाईंना राग आला, पण तो भलत्याच लोकांचा.

"तो लुटारू," त्या म्हणाल्या, "आणि बाकीचे कोण रे? कंपनीनं मला दोन बटणं दिली, तीही बिनकामाची. हर्षद मला वीस वर्षं ओळखतो, त्यानं वायर काढून फळीवर ठेवली. तू सख्ख्या बहिणीचा मुलगा, तुझ्या काउंटरवर रांग होती. आणि तो चोर बिचारा पावणेतीन तास माझ्याशी बोलत बसला. त्याला सेल मेलाय ते कळलं. तुम्हाला कुणाला कळलं?"

तरी तक्रार द्यायलाच हवी, दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल, असं सर्वेश म्हणाला, आणि तेवढं त्यांना पटलं. सोमवारी तो त्यांना पोलिसांकडे घेऊन गेला.

तिथे नम्रता सुर्वे नावाच्या हवालदार बाई होत्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि कागद पुढे ओढून अगदी नीट विचारपूस केली. आरोपीचं नाव विचारल्यावर यमुनाबाईंनी मायकेल ऊर्फ दर्शन असं सांगितलं. पत्ता माहीत नव्हता. वय चाळिशीच्या आतबाहेर.

"ओळखीची आणखी काही खूण, काकू?"

"बी निगेटिव्ह."

नम्रतांनी वर पाहिलं.

"रक्तगट," यमुनाबाई म्हणाल्या. "पकडलात तर जरा जपून धरा. फार थोडे आहेत जिल्ह्यात."

मग नुकसान किती, हा प्रश्न आला. नुकसान काही नव्हतं. नम्रतांनी विचारलं, मग त्यानं नक्की केलं काय. यमुनाबाई क्रमानं सांगत गेल्या आणि नम्रता लिहीत गेल्या. आरोपीने फिर्यादीच्या कॉम्प्युटरचे इंटरनेट सुरू करून दिले. आरोपीने फिर्यादीच्या कॉम्प्युटरची तारीख दुरुस्त करून दिली. आरोपीने फिर्यादीस एक वर्षाची मुदतवाढ विनामूल्य मिळवून दिली. इथपर्यंत आल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलेलं एकदा मनात वाचलं. मग दरवाज्याकडे एक नजर टाकून त्या जरा पुढे झुकल्या.

"काकू, माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरवर घरी रोज तेच येतंय. पात्र नाही म्हणून. दुकानदार नवीन घ्या म्हणतो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "त्यानं तुम्हाला पहिल्यांदा नेमकं कुठं दाबायला सांगितलं?"

यमुनाबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. नम्रतांनी तक्रारीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.